तिसऱ्या पलटणीचा न्हावी

दर्राजी न्हाव्याच्या खुर्चीत बसलं की दोन गोष्टींतून सुटका नव्हती. मान हलवायची नाही, आणि रोमन फौजेबद्दल तो जे सांगेल ते मुकाट ऐकून घ्यायचं. वस्तरा त्याच्या हातात, त्यामुळे वाद घालायची सोयच नव्हती. फेस लावता लावता तो सांगायचा की तिसऱ्या पलटणीतला शिपाई दाढी किती ठेवायचा आणि कानाजवळ ती कशी उतरवायचा. गिऱ्हाइकाच्या लक्षात येईपर्यंत त्याची स्वतःची दाढी कुठल्यातरी सम्राटाच्या काळातली होऊन बसलेली असायची.

आमच्या ताझूल्तला असा एक माणूस हवाच होता. गावाबाहेर कुठेही जा, बात्नाला जा नाहीतर पार अल्जियर्सला, गावाचं नाव सांगितलं की समोरचा डोळा बारीक करून विचारतो, "मग, कधी सुटलास?" बाहेरच्यांना ताझूल्त म्हणजे तुरुंग, एवढंच ठाऊक. दर्राजी सक्तीच्या लष्करी नोकरीत होता तेव्हा बराकीत रोज हा विनोद झाला, आणि त्याच्या डोक्यात जी तिडीक गेली ती परत उतरली नाही.

"तुरुंग कालपरवाचा रे," तो गिऱ्हाइकाला म्हणायचा. "अठराशे वर्षांपूर्वी इथे तिसरी ऑगस्टा पलटण राहायची. एवढ्या मुलखाची राखण एकटी करायची. आणि ते काय सगळे इटलीहून आलेले? सुरुवातीला असतील. नंतर इथलीच पोरं भरती झाली. तुझा खापरपणजा असेल तिच्यात. नाक बघ तुझं, नाक!" आणि हातातला आरसा गिऱ्हाइकाच्या तोंडापुढे धरायचा. माणूस आधी हसायचा, मग आपलं नाक जरा जास्तच वेळ बघायचा.

दुकानात मोठ्या आरशाखाली, तेलाच्या बाटल्यांना खेटून, त्याचा संगणक होता. त्यावर तो लढाईचा खेळ खेळायचा. फौज उभी करायची, मैदानात उतरवायची, समोरच्याला लोळवायचं. पण विकत आणलेला खेळ आहे तसा त्यानं आठवडाभरसुद्धा चालू दिला नाही. "हे शिपाई आहेत का लग्नातले वाजंत्री?" तो ओरडला होता. सगळे लालभडक, सगळे चकचकीत, आणि सगळे एकाच गोऱ्यापान आईच्या पोटचे. मग हा पठ्ठ्या खेळाच्या पोटात शिरला. चित्रं, रंग, हत्यारं उसवून नव्यानं बसवायला शिकला. शिकवणारं कोणी नव्हतं. इंटरनेटवर जे लोक हे करतात त्यांच्याशी भांडून भांडून शिकला.

अंगरख्यांचा रंग ठरवला त्याच्या बायकोनं, ओरिदानं. ती लोकर विणायची आणि गावभरच्या काशाबियांना, म्हणजे जाड लोकरी झग्यांना, रफू करायची. "एवढ्या माणसांच्या लोकरीला लाल रंग द्यायला सम्राटाला वेड लागलंय का?" ती म्हणाली. "मेंढीनं दिलाय तोच रंग राहू दे." दर्राजीनं चार ठिकाणी पडताळून पाहिलं आणि बायकोचं म्हणणं मान्य केलं, ही गोष्ट एकदाच घडली म्हणून गावाच्या अजून लक्षात आहे.

पण त्याची खरी करामत म्हणजे चेहरे. दाढी झाली की तो गिऱ्हाइकाचे फोटो काढायचा, समोरून आणि दोन्ही बाजूंनी, आणि तो चेहरा पलटणीतल्या एका शिपायाला द्यायचा. बघता बघता अर्धं गाव शिरस्त्राण घालून उभं राहिलं. कसाई पहिल्या रांगेत, पोस्टमन त्याच्यामागे, शाळेचे मास्तर डाव्या बगलेला. संध्याकाळी बायका मुलांना घेऊन दुकानात यायच्या, "बाबा कुठे दिसतायत का बघू." लढाईत कोण आधी मेला यावर घरोघरी चिडवाचिडवी व्हायची. जन्मात कोणी ज्याचा फोटो भिंतीवर लावला नाही असा माणूससुद्धा त्या पडद्यावर रुबाबात चालताना दिसायचा.

पलटणीचा नायक होता लज़हर, गावचा पाव भाजणारा भटारी. छाती मोठी, आवाज मोठा, म्हणून त्याला नायक केलं. त्याला शिरस्त्राणावर आडवा तुरा हवा होता.

"तुरा नाही मिळणार," दर्राजीनं सांगितलं. "आपली फौज ज्या सालची आहे, त्या साली तुरा गेला होता."

"अरे, एक तुरा लावलास तर रोम बुडणार आहे का?"

"माझ्या फौजेत खिळासुद्धा खोटा चालणार नाही, लज़हर."

त्यानंतर आठवडाभर दर्राजीच्या घरी करपलेला पाव येत होता.

आणि होत्या तूंसिया, सगळ्या गावाच्या लाल्ला, म्हणजे बाईसाहेब. त्यांचा नवरा, आम्मार, लग्नाच्या वरातीत घोडा दौडवत बंदुकीचे बार काढायचा. आसपासच्या डोंगरांत त्याच्यासारखा स्वार नव्हता. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. म्हातारी त्याचा घोड्यावरचा फोटो घेऊन आली.

"लाल्ला, मी त्यांना दुसऱ्या रांगेत उभं करतो. हातात भाला देतो," दर्राजी म्हणाला.

"पायी?" तूंसियांनी कपाळाला आठ्या घातल्या. "तो पाणी आणायला विहिरीपर्यंतसुद्धा घोड्यावरून जायचा. घोडा दे."

"घोडेस्वार लांब लांब धावतात, लाल्ला. त्यांचे चेहरे कोणाला दिसत नाहीत. आणि ते पलटणीचे नव्हेत, बाहेरचे. चिलखत नाही, काही नाही."

"मग राहू दे. चालताना त्याला मी बघणार नाही."

म्हातारीला अगदीच नाही म्हणवेना, म्हणून दर्राजीनं गुपचूप एका स्वाराला आम्मारचा चेहरा करून ठेवला होता. पण फौजेत घेतला नव्हता.

दर वसंतात बात्नाच्या युवाभवनात सामने व्हायचे. सेतीफचे, अन्नाबाचे, सीमेपलीकडून ट्यूनिसियाचेही खेळाडू यायचे. नियम साधा होता. एक साल ठरायचं, आणि त्या साली जे खरोखर होतं तेच मैदानात आणायचं. पंच हत्यारं आणि कपडे तपासायचे. फौजेबद्दल बाकी काही खटकलं तर हरकत घेणं समोरच्याचं काम, आणि ती लढाई संपल्यावरही घेता यायची. हरकत खरी ठरली की जिंकलेला हरायचा. पुढच्या सामन्याचं साल हरलेल्यानं चिठ्ठी उचलून ठरवायचं, हा तिथला रिवाज.

गेल्या खेपेला अंतिम सामन्यात दर्राजीनं ट्यूनिसियातल्या अल-जमच्या मुन्सिफला हरवलं होतं. मुन्सिफ ऑलिव्ह तेलाचा व्यापारी, गोड बोलणारा. त्यानं चिठ्ठी उचलली, उघडली, दोनशे पंचेचाळीस असं वाचलं आणि गालातल्या गालात हसला. बिचारा लाज लपवतोय, असं दर्राजीला वाटलं होतं.

ते वर्षभर दर्राजीनं जीव ओतला. जुन्या चौकोनी ढाली काढून लांबट गोल ढाली दिल्या. आखूड तलवारी गेल्या, लांब आल्या. पट्ट्याची बक्कलं बदलली. सेतीफच्या एका इंजिनियरनं सरावात ठरलेल्या सालाहून शंभर वर्षं जुन्या काळातली ढाल आणली, तेव्हा दर्राजीनं खेळ थांबवला आणि त्याची अशी फिरकी घेतली की तो जेवायलासुद्धा थांबला नाही. यंदाही अंतिम सामना त्याचा आणि मुन्सिफचाच ठरला. गावानं चार गाड्या ठरवल्या, बायकांनी खजूर भरलेले मकरूद तळले. ताझूल्त स्वतःला बघायला निघालं होतं.

सामना शुक्रवारी, नमाजानंतर. त्या दिवशी सकाळी दर्राजी ओरिदाला घेऊन गावाबाहेरच्या अवशेषांत गेला. मोठ्या लढाईआधी हा त्याचा नेम होता. तिथे एक शिळा आहे, तिच्यावर पलटणीचं नाव. पण नावापुरता दगड जरा खोल गेलेला आहे, कारण एका सम्राटानं रागानं ते नाव छिन्नीनं उडवलं होतं, आणि नंतर दुसऱ्यानं त्याच खळग्यात ते पुन्हा कोरून घेतलं. गावातलं शेंबडं पोरही हे सांगतं, एका दमात सांगतं: त्यांनी खोडलं, आम्ही लिहिलं! दर्राजीनं खळग्यात तळवा ठेवला आणि डोळे मिटले.

ओरिदा थर्मासमधली कॉफी ओतत होती. "एक विचारू?"

"विचार."

"खोडलेलं असताना ही माणसं जेवत कुठे होती?"

"कधी?"

"अरे, नाव खोडलं आणि परत लिहिलं, त्याच्या मधे. नाव नाही म्हणजे पगार नाही. मग खात काय होती?"

"मधे कुठे काय होतं? त्यांनी खोडलं, आम्ही..." दर्राजी बोलता बोलता थांबला.

दोन्ही सम्राटांची सालं त्याला तोंडपाठ होती. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यानं सांगितली असती. पण ती दोन सालं शेजारी शेजारी ठेवून त्यानं आजवर कधी पाहिली नव्हती, गावात कोणीच पाहिली नव्हती. खोडलं ते दोनशे अडतीस साली. लिहिलं ते दोनशे त्रेपन्नला. मधे पंधरा वर्षं. नुसतं नाव नव्हतं खोडलं, पलटणच मोडून टाकली होती. आणि दोनशे पंचेचाळीस त्या पंधरा वर्षांच्या बरोब्बर पोटात बसलं होतं.

वर्षभर त्यानं बक्कलं तपासली होती. बक्कल लावणारा माणूस होता की नाही हे विचारलं नव्हतं.

"पंचांच्या लक्षात येणार नाही," तो हळूच म्हणाला. "ते ढाली बघतात."

"नसेल येणार."

"गाव गाडीत बसलंय, ओरिदा. लज़हरची आई नवीन कपडे घालून निघालीय."

"मला कशाला सांगतोस?" ओरिदानं कप पुढे केला. "सेतीफच्या त्या इंजिनियरला सांग. तो म्हणेल ते कर."

दर्राजीनं कॉफी घेतली आणि प्यायचं विसरला.

युवाभवन खचाखच भरलं होतं. मोठा पडदा लावलेला, पुढच्या रांगांत ताझूल्त. लज़हर छाती काढून बसला होता, जणू तोच लढायला उतरणार होता. कॉन्स्टन्टाइन शहरातून आलेल्या पंच बाईंनी दोन्ही याद्या पुढे ठेवल्या आणि विचारलं, "कोणाला काही बदलायचंय?" हा प्रश्न नुसता रिवाजाचा होता. इतक्या वर्षांत कोणी उत्तर दिलं नव्हतं.

दर्राजी उठून उभा राहिला. "बाई, आमच्या यादीत चूक आहे."

"मी तपासली आहे. ढाली, तलवारी, बूट, सगळं बरोबर आहे."

"बूट बरोबर आहेत. बुटांतली माणसं नव्हती."

तो गावाकडे वळला आणि जे होतं ते सांगून टाकलं, शिळा, दोन सालं, मधली वर्षं. आयुष्यभर लोकांच्या मानेवर वस्तरा धरून बोललेला माणूस, पहिल्यांदाच उघड्यावर बोलत होता.

लज़हर उठला. "म्हणजे मी नाही?"

"नाहीस."

"पलटण नाहीच?"

"ह्या साली नाही."

"वर्षभर मला नायक म्हणून मिरवलंस आणि आज आईसमोर काढतोस? अरे, कोणाला कळलं असतं, गाढवा?"

"खोटं उभं राहून जिंकलो असतो ना, लज़हर, तर 'कधी सुटलास' म्हणणाऱ्यांना मी काय तोंड दाखवलं असतं? आपल्याकडे खरं आहे तेवढंच आहे."

लज़हर धपकन खाली बसला आणि त्यानं तोंड फिरवलं. मागून कोणीतरी म्हणालं, "चला रे, घरी जाऊ." पण उठलं कोणी नाही. पलीकडे मुन्सिफ पेन खाली ठेवून दर्राजीकडे टक लावून बघत होता.

पंच बाईंनी घड्याळ बघितलं. "अर्ध्या तासात जे होतं ते आणा."

जे होतं ते थोडंच होतं. सरहद्दीवरच्या दोन-चार लहान तुकड्या. आणि डोंगरातले स्वार, ज्यांना कोणी मोडू शकलं नाही कारण त्यांचं नाव कुठल्याही दगडावर कोरलेलंच नव्हतं. खोगीर नाही, लगाम नाही, हातात फेकायच्या बरच्या. ह्या स्वारांना चेहरे द्यायचा दर्राजीनं कधी विचार केला नव्हता. गावात कोणाला बिनचिलखताचं व्हायचंच नव्हतं. आता दोनशे चेहरे करायला वेळ कुठला? तयार होता तो एकच.

पडदा उजळला आणि टेकडीवरून स्वार उतरू लागले. कॅमेरा जवळ गेला. पहिला स्वार आम्मार. दुसरा आम्मार. तिसराही आम्मार. अख्खं घोडदळ, एकजात, लाल्ला तूंसियांचा नवरा.

म्हातारी हळूहळू उभी राहिली. ओढणीचं टोक तोंडाशी गेलं. "या अल्ला," ती म्हणाली, "एकाला सांभाळता सांभाळता माझा जीव मेटाकुटीला आला होता, हे एवढे?" आणि मग तिनं लग्नात बायका देतात तशी खणखणीत उलुलूची आरोळी दिली की भिंती घुमल्या. मागून सगळ्या बायकांनी साथ धरली. ज्यांना घरी जायचं होतं ते खुर्च्यांवर उभे राहिले.

मुन्सिफनं डॅन्यूब नदीकाठची एक भरभक्कम पलटण आणली होती. दर्राजीनं डावीकडे तुकड्या ठेवल्या, दोन्ही बगलांना स्वार, आणि फौजेच्या मधे एका पलटणीएवढी जागा मोकळी सोडली.

मुन्सिफ आपल्या जागेवरून ओरडला, "ते मधे काय आहे, दादा?"

"जागा आहे."

"कसली?"

"आमच्या लोकांची. राखून ठेवलीय."

मुन्सिफला ते खरं वाटलं नाही. दर्राजीच्या डावांना तो आधी फसला होता. त्यानं आपली पलटण त्या रिकाम्या जागेच्या तोंडाशी आणली आणि थांबवली. तो तिथे अंदाज घेत राहिला, आणि तेवढ्यात आम्मार आले. यायचे, बरच्या फेकायचे, वळायचे, धुळीत नाहीसे व्हायचे. पुन्हा यायचे. दर वेळी सभागृह "आम्मार! आम्मार!" करत उठायचं. कसाई ओरडत होता, पोस्टमन ओरडत होता, ज्यांचा स्वतःचा चेहरा त्या पडद्यावर नव्हता ते सगळे घसा फोडत होते. दर्राजी घामानं निथळत होता, आणि त्याला कळत होतं की इतकी सुंदर लढाई तो आजवर लढला नाही.

तरी तो हरला. बरच्या संपल्या, घोडे दमले, आणि मुन्सिफची उरलीसुरली पलटण लंगडत त्या मोकळ्या जागेतून पार निघाली. तिच्यात पाचातला जेमतेम एक शिपाई शिल्लक होता.

मुन्सिफ उठून आला. हात मिळवायचा सोडून त्यानं खिशातून एक घडी घातलेला कागद काढला आणि दर्राजीला दाखवला. हरकतीचा अर्ज होता, वर्षभरापूर्वी लिहून ठेवलेला.

"तुला ठाऊक होतं?" दर्राजीनं विचारलं.

"दादा, मी अल-जमचा. आमच्या गावात ज्या म्हाताऱ्याला सम्राट केलं, त्याचं घर तुमच्या पलटणीनं बुडवलं. त्याच्या नातवानं गादीवर बसल्याबरोबर तुमचं नाव खोडलं. हे आमची शेंबडी पोरंही सांगतात." मुन्सिफ हसला, ह्या वेळी डोळ्यांतून. "तू जिंकलास की मी हा कागद काढणार होतो. गावासमोर तुझं नाक कापणार होतो. तू ते होऊच दिलं नाहीस." त्यानं कागदाचे चार तुकडे केले आणि दर्राजीला मिठी मारली.

मग रिवाज. पंच बाईंनी चिठ्ठ्यांचं भांडं पुढे धरलं. हरलेला म्हणून दर्राजीनं हात घातला, चिठ्ठी उचलली, उघडली आणि मोठ्यानं वाचली, "दोनशे छप्पन्न."

कोणी टाळी वाजवली नाही. सगळं ताझूल्त नुसतं त्याच्याकडे बघत होतं. दोन सालं आणि मधली वर्षं आता सगळ्यांना ठाऊक झाली होती, पण स्वतः हिशेब करायची कोणाची छाती नव्हती. शेवटी लज़हर उभा राहिला. लढाईभर तोही ओरडला होता, घसा पार बसला होता.

"दर्राजी," तो म्हणाला, "ह्या साली आपण आहोत का रे?"

दर्राजीनं चिठ्ठी मुठीत घट्ट धरली.

"आहोत," तो म्हणाला.